‘पाच मिनिटं’ म्हणजे केवढी? वेळ दाखवणारा टायमर घरात कसा रुळवावा

उलटे आकडे दाखवणाऱ्या सिग्नलला गाड्या कशा थांबतात ते कधी नीट बघा. ८७ दिसले की रिक्षावाले इंजिन बंद करतात, कोणी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडतं, मागचा स्कूटरवाला पाय टेकून निवांत होतो. त्याच चौकातले आकडे बंद पडलेले असले, की सगळे क्लच दाबून, माना पुढे काढून, हॉर्न वाजवत उभे. थांबायचं तेवढंच असतं. पण एकदा उरलेला वेळ दिसतो आणि एकदा दिसत नाही.

घरात आपण बहुतेक वेळा बंद पडलेला सिग्नल असतो. आमच्याकडे सकाळी सात दहाला शाळेची व्हॅन येते. पावणेसातपासून मी ओट्याशी उभी राहून ओरडायचे, ‘आवर, पाच मिनिटं राहिली!’ सातला पुन्हा पाच मिनिटं, सात पाचला पुन्हा पाच, आणि व्हॅनकाकांचा हॉर्न वाजला तरी माझ्या तोंडात पाचच. तिसरीतल्या माझ्या मुलाने एकदा बूट हातात धरून शांतपणे विचारलं, ‘आई, पाच मिनिटं म्हणजे केवढी?’

‘किती’ नाही, ‘केवढी’. घोळ तिथेच होता. घड्याळातला आकडा ‘किती’चं उत्तर देतो. ‘केवढी’चं उत्तर द्यायला आकार लागतो: लहान होत जाणारी रंगीत चकती, खाली सरणारी वाळू, एकेक करून विझणारे दिवे. मोठ्यांना ८७ म्हटलं की त्याचा आकार सवयीने मनात येतो, म्हणून सिग्नलचे आकडे आपल्याला पुरतात. लहान मुलांना, आणि खरं सांगायचं तर कामात बुडालेल्या कितीतरी मोठ्या माणसांनाही, ते पुरत नाहीत.

असा टायमर आमच्या घरात गेली दोन वर्षं आहे. मुलाचा अभ्यास, माझं घरबसल्या चालणारं काम आणि सासूबाईंची औषधं या सगळ्यांत तो शिरला आहे. काय जमलं, काय फसलं, ते क्रमाने सांगते.

ही कल्पना आपल्याला नवी नाही

आज ऑनलाइन दिसणाऱ्या चकतीच्या टायमरांचा पूर्वज अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा. जॅन रॉजर्स या आईला तिची लहान मुलगी सारखं ‘अजून किती वेळ?’ विचारायची. त्यावर उपाय म्हणून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने साठ मिनिटांची तबकडी आणि तिच्यावर हळूहळू नाहीशी होणारी लाल चकती असं यंत्र जुळवलं. पुढे ते ‘टाइम टायमर’ नावाने बाजारात आलं.

पण लग्नात घंगाळात तरंगणारं तांब्याचं घटिकापात्र आठवतंय? बुडाला बारीक भोक असलेली ती वाटी २४ मिनिटांत भरून बुडते. ती एक घटका. अशा साठ घटकांचा एक दिवस-रात्र मिळून अहोरात्र, आणि एका घटकेची साठ पळं. मुहूर्ताला किती अवकाश आहे हे मांडवातल्या कुणालाही, अगदी अक्षरओळख नसलेल्या आजीलाही, वाटी किती बुडाली ते बघून कळायचं. ‘घटका भरत आली’ हे शब्दच डोळ्यांनी बघून तयार झालेले आहेत.

पायरी पहिली: आठवडाभर काहीही विकत घेऊ नका

घरातलं जुनं भिंतीवरचं घड्याळ उतरवा. सपाट काचेचं हवं, आणि शक्यतो मिनिटांच्या ठळक खुणा असलेलं. व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर घ्या. मिनिटकाटा आत्ता जिथे आहे तिथून काम संपायच्या मिनिटापर्यंत काचेवर पाचर काढा, पोळीचा तुकडा कापल्यासारखी, आणि रंगवून टाका. पंधरा मिनिटं म्हणजे चतकोर, वीस म्हणजे पोळीचा तिसरा हिस्सा. काटा रंगात शिरतो आणि रंगातून बाहेर पडला की वेळ संपली.

काच असेल तर कोरड्या फडक्याने रंग निघतो. स्वस्त घड्याळांना काचेऐवजी प्लास्टिक असतं, त्यावर डाग राहू शकतो. आधी कोपऱ्यात ठिपका देऊन पुसून बघा. (आमच्या घड्याळावर नऊच्या आकड्यापाशी अजून हिरवी सावली आहे.) घड्याळ भिंतीवर परत टांगू नका, टेबलावर भिंतीला टेकवून ठेवा, कारण दिवसातून चार वेळा त्यावर रंगकाम होणार आहे.

या घड्याळाची एक उणीव आहे. रंग आपोआप कमी होत नाही, काट्याच्या पुढचा भाग तेवढा ‘उरलेला’ हे मुलाला दोन-तीनदा बोट फिरवून दाखवावं लागतं. तरीही सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. एकतर खर्च मार्करपुरता. दुसरं, मूल जाता जाता खरं घड्याळ वाचायला शिकतं. आणि आठवड्याभरात तुमच्या लक्षात येतं की आपल्याला टायमर नेमका कशासाठी हवाय. मला वाटलं होतं अभ्यासासाठी. निघाला आंघोळीसाठी.

पायरी दुसरी: लावण्याआधी मोजा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग ‘टायमरचा काही उपयोग होत नाही’ म्हणतात. टायमरवर आपण जी वेळ लावतो ती जर मनची असेल, तर रोज चकती संपते आणि काम उरतं. चार दिवस असं झालं की टायमरकडे बघणंच नकोसं होतं.

वहीचं एक पान घ्या. तीन रकाने आखा: काम, अंदाज, प्रत्यक्ष. काम सुरू करण्यापूर्वी अंदाज लिहायचा, मग टायमर न लावता नुसती सुरुवातीची आणि शेवटची वेळ टिपायची. माझ्या पहिल्या पानावर असं होतं: सकाळी आवरून घराबाहेर पडणं, अंदाज १५, प्रत्यक्ष ३४. डबा भरणं, अंदाज ५, प्रत्यक्ष १२, कारण डब्याचं झाकण रोज कुठेतरी हरवलेलं असतं. मुलाचं शुद्धलेखनाचं एक पान, त्याचा अंदाज ‘एक तास’, प्रत्यक्ष ९ मिनिटं. हा शेवटचा आकडा बघून त्याला स्वतःलाच हसू आलं, आणि त्यानंतर शुद्धलेखनाची रडारड निम्म्याने कमी झाली.

कामाला लागणारा वेळ कमी धरण्याची ही खोड आळशी माणसांपुरती नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली तिचं वर्णन करून ठेवलं आहे. आधी तेच काम कितीदा लांबलंय हे माहीत असूनही माणूस पुढच्या वेळचा अंदाज सगळं सुरळीत होईल असं धरूनच करतो. म्हणून आठवड्याच्या सात नोंदींमधली सरासरी घेऊ नका. सगळ्यांत वाईट दिवस सोडून द्या आणि त्याच्या खालोखालचा आकडा धरा. तो ऐकायला मोठा वाटतो, पण रोज जमतो.

पायरी तिसरी: कुठला टायमर?

वाळूचं घड्याळ सगळ्यांत साधं. सेल नाही, आवाज नाही, बंद पडणं नाही. दोन-तीन मिनिटांच्या कामाला याच्या तोडीचं काही नाही. दात घासायला दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ बेसिनपाशी ठेवा आणि बघा. याची मजा अशी की वाळूची धार शेवटपर्यंत जवळपास सारखी राहते. भोकातून गळणारं पाणी भांडं भरलेलं असताना जोरात आणि रिकामं होत आलं की हळू पडतं. वाळू तसं करत नाही, वर ढीग मोठा असो की छोटा. तोटा म्हणजे वेळ बदलता येत नाही, मध्ये थांबवता येत नाही, आणि मुलं उलटं करून टाकतात.

घरी करायचं असेल तर अर्ध्या लिटरच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. दोन्हींची झाकणं पाठीला पाठ लावून घट्ट चिकटवा आणि तापवलेल्या खिळ्याने आरपार भोक पाडा (हे मोठ्यांनीच). वाळू चहाच्या गाळणीतून चाळायची आणि कडक उन्हात किंवा जुन्या कढईत पूर्ण कोरडी करायची. पिठासारखी बारीक रांगोळी भोकात अडकून बसते. मीठ पावसाळ्यात पाणी धरतं, कोकणात तर विचारूच नका. रव्यात किडे होतात. मग फोनवरचं घड्याळ लावून वेळ मोजा आणि जास्त भरली तर वाळू कमी करा. भोकाशी खेळू नका, ते एकदा मोठं झालं की लहान होत नाही.

किल्लीचा किचन टायमर टिकाऊ असतो आणि हातात धरून पीळ देण्यात समाधान आहे. बऱ्याच किल्लीच्या टायमरांना लहान वेळ नीट लागत नाही. पाच मिनिटं हवी असली तरी आधी पंधराच्या पुढे फिरवून मग मागे पाचावर आणावं लागतं, नाहीतर स्प्रिंगला पुरेसा ताण बसत नाही आणि घंटा वाजत नाही. टिकटिक मात्र सतत चालू असते. काहींना ती लय आवडते, काहींच्या डोक्यात जाते. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी हा घेऊ नका.

चकतीचा टायमर रोजच्या वापराला उत्तम. घेताना तीन गोष्टी बघा. चकतीचा रंग आणि मागची तबकडी यांत लांबूनही फरक कळतो का? घंटेचा आवाज कमी किंवा बंद करता येतो का? आणि पूर्ण तबकडी किती मिनिटांची आहे? साठ मिनिटांच्या तबकडीवर पाच मिनिटं म्हणजे केकची पातळशी फोड, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतही नाही. घरात लहान मूल असेल आणि कामं पाच-दहा मिनिटांचीच असतील तर कमी मिनिटांची तबकडी बघा.

दिव्यांचे टायमर हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांत बदलतात. दिसायला छान, पण लाल रंग लागला की काही मुलं घाबरीघुबरी होतात. ज्यांना लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही त्यांना तर काहीच कळत नाही, म्हणून रंगाबरोबर दिव्यांची संख्याही कमी होत जाणारा घ्या.

राहिला मोबाइल. ॲप चकटफू आणि भरपूर आहेत, झाड वाढवून दाखवणारंही आहे. पण ज्या वस्तूपासून लक्ष हटवायचं तीच वस्तू डोळ्यांपुढे मांडून ठेवायची, हे मला पटत नाही. पर्यायच नसेल तर जुना, सिम नसलेला फोन किंवा टॅब घ्या, वायफाय बंद करा, टायमर पूर्ण स्क्रीनभर ठेवा आणि स्क्रीन आपोआप काळी होणार नाही अशी सेटिंग करा.

पायरी चौथी: ठेवायचा कुठे

ज्याचा वेळ, त्याच्या डोळ्यांसमोर. हे इतकं उघड आहे, तरी आमच्याकडे पहिले पंधरा दिवस टायमर ओट्यावर होता, माझ्यासमोर. मुलगा हॉलमध्ये. म्हणजे मला दिसायचं आणि मी ओरडायचे. जुनाच कारभार, नवं यंत्र.

अभ्यासाच्या टेबलावर तो वहीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, बसल्यावर मान न वळवता दिसेल असा असावा. टीव्हीखाली नको, खिडकीच्या उजेडाची तिरीप काचेवर पडेल तिथे नको. आंघोळीसाठी बाथरूमच्या दाराबाहेर स्टुलावर, दार किलकिलं ठेवून. ज्याला सतत कमी होणारा वेळ बघून धास्ती वाटते त्याच्यासाठी किंचित बाजूला, हवं तेव्हा बघता येईल असा.

पायरी पाचवी: मुलांशी पहिली ओळख

पहिले तीन दिवस टायमर अभ्यासाला लावायचा नाही. पहिली ओळख गृहपाठाशी झाली की तो कायमचा गृहपाठाचा शिपाई होतो. त्याऐवजी गमतीचं काही: दहा मिनिटं उशीमारी, पाच मिनिटं बाबांच्या पाठीवर स्वारी, फ्रीजमध्ये ठेवलेली जेली घट्ट व्हायची वाट. चांगल्या गोष्टीची वाट बघताना चकती कमी होणं आनंदाचं असतं.

चौथ्या दिवसापासून कामाला. आमच्यात झालेला संवाद असा:

‘चित्र रंगवायला किती लागतील तुला?’
‘वीस.’
‘लाव मग वीसवर. संपल्यावर काय?’
‘जेवण.’
‘आणि चित्र अर्धं राहिलं तर?’
‘मग जेवून परत.’

यातला प्रत्येक प्रश्न कामाचा आहे. टायमर मुलाच्या हातानेच फिरला पाहिजे. वेळ त्याने सांगितली पाहिजे, तुम्ही फार तर ‘काल पंधरा लागले होते’ एवढी आठवण द्या. चकती संपल्यावर पुढे काय, हे आधीच ठरलेलं हवं. आणि काम अर्धं राहिलं तर त्याचं काय, हेही. मुलं बहुतेक वेळा ‘थांब’ला विरोध करत नाहीत, अर्धवट राहिलेली गोष्ट हातची जाईल या भीतीला करतात.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. टायमरला खोटं पाडू नका. पाहुणे आले म्हणून दहाची वीस मिनिटं होऊ देऊ नका, राग आला म्हणून चकती पुढे सरकवू नका, बक्षीस म्हणून मागेही नको. वेळ बदलायचीच असेल तर टायमर थांबवा, कारण सांगा, दोघांनी मिळून नव्याने लावा. आणि ‘आईचा फोन दहा मिनिटं’ असा टायमर लावलात तर तो संपल्यावर फोन खाली ठेवा. माझी या परीक्षेत बऱ्याचदा दांडी उडाली आहे, आणि प्रत्येक वेळी ‘आई, लाल संपलं’ हे वाक्य घरभर ऐकू गेलं आहे.

एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड जाण्याची अवस्था) असलेल्या मुलांच्या बाबतीत या साधनाचा आधार जरा जास्त असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली हे या अवस्थेला वेळेच्या बाबतीतली अधू नजर म्हणतात. आपल्या भाषेत, वेळेचा लांबचा नंबर: आत्ताचं स्पष्ट दिसतं, अर्ध्या तासानंतरचं पुसट. चकती हा त्या नंबरचा चष्मा. चष्मा लावून नंबर जात नाही, पण वाचता येतं. स्वमग्न मुलांसाठी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ साली सुरू झालेल्या ‘टीच’ कार्यक्रमात काम कोणतं, केवढं, कधी संपणार आणि नंतर काय, हे सगळं मुलाला डोळ्यांनी कळेल असं मांडतात. टायमर यातल्या ‘कधी संपणार’चं उत्तर देतो, बाकीच्या तिघांचं नाही. म्हणून शेजारी दोन चित्रं ठेवा: आधी हे, मग ते. आणि काही मुलांना उलटी मोजणी अजिबात सोसत नाही, ती रडकुंडीला येतात. तिथे हट्ट करू नका. मुलाच्या थेरपिस्टना विचारा, किंवा कमी होणाऱ्या चकतीऐवजी एकेक मणी ओवत भरत जाणारी दोरी वापरून बघा.

पायरी सहावी: मोठ्यांचा अभ्यास

पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी, ही पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर बसवली. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून ती पोमोदोरो पद्धत. आपल्या घटकेपेक्षा एका मिनिटाने मोठी, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

पंचवीस हा आकडा मात्र वेदवाक्य समजू नका. पाठांतराला पंधराही पुष्कळ होतात. गणिताचं अवघड प्रकरण सोडवताना पंचविसाव्या मिनिटाला नेमकी किल्ली सापडत असते आणि तेव्हाच चकती संपते. अशा कामाला पन्नास-दहा बरं. विश्रांतीलाही टायमर लावा, नाहीतर पाचाची पस्तीस होतात, आणि त्या पाच मिनिटांत फोन नको. पाणी, गॅलरी, कपडे वाळत घालणं, काहीही चालेल.

माझा भाचा पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करतो. तिथे टाचणी पडली तरी वीस जण माना वर करतात, त्यामुळे घंटेचा टायमर नेता येत नाही. आवाज बंद केलेली चकती चालते. सीसॅटच्या, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या कल चाचणीच्या, पेपरात १२० मिनिटांत ८० प्रश्न. सरळ भागाकार केला तर प्रश्नाला दीड मिनिट, पण मग तपासायला काहीच उरत नाही. त्याने सरावासाठी वीस-वीस प्रश्नांच्या चार फेऱ्या केल्या, प्रत्येक फेरीला २५ मिनिटं. शंभर मिनिटं झाली, वीस हातात. उताऱ्यांची फेरी हमखास लांबते, त्या वीसमधली निम्मी तिथे जातात. हे आधी कळलं तर परीक्षेत घाम फुटत नाही.

पण परीक्षेच्या दालनात चकती नसते. काही परीक्षांत मनगटावरचं घड्याळही नेता येत नाही, भिंतीवरचं काय दिसेल ते. तेव्हा शेवटचा महिनाभर टायमर कपाटात टाका आणि साध्या काट्यांच्या घड्याळावर सराव करा. त्यावर चकती मनाने रंगवायची. दोन वर्षं काचेवर मार्कर फिरवलेल्या माझ्या मुलाला हे न शिकवताच जमतं.

आपलं स्वतःचं काम

मी घरून भाषांतराचं काम करते. मला टायमरचा सगळ्यांत मोठा उपयोग काम सुरू करताना होतो. नकोशा फाइलला ‘फक्त दहा मिनिटं’ म्हणून चकती लावायची. दहा मिनिटांनंतर उठायची पूर्ण मुभा. दहापैकी सात वेळा मी उठत नाही. तीनदा उठते, आणि तेही ठीक.

दुसरा उपयोग थांबताना. मन रमलं की मला दुपारच्या जेवणाचंही भान राहत नाही. तिथे घंटा चालू ठेवते आणि टायमर हाताच्या अंतरावर ठेवत नाही, समोरच्या फडताळावर ठेवते. बंद करायला उठावं लागतं. एकदा उठलं की कुकर लावायचं आठवतं. (आपल्या स्वयंपाकघरांत वेळ शिट्ट्यांमध्ये मोजतात, तेही एक शहाणपणच, पण शिट्टी झाल्यावर कळते, होण्याआधी दिसत नाही.)

तिसरा, घराबाहेर पडताना. ९.४०ची लोकल धरायची असेल तर टायमर ९.४०ला संपवू नका. उलटं मोजा: स्टेशनपर्यंत रिक्षा १५, लिफ्ट आणि रिक्षा मिळणं ७, म्हणजे पायात चपला ९.१८ला. चकती तिथे संपली पाहिजे. आम्ही याला ‘चपलांचा टायमर’ म्हणतो आणि तो शूरॅकवर ठेवतो.

सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या होत्या, ‘आता घरात घंटा वाजवून जेवायचं का गं?’ मग त्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांत दोन वेगवेगळे थेंब घालायचे होते आणि दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटं सोडायची होती, नाहीतर पहिलं औषध धुऊन जातं. एक डोळा मिटून भिंतीवरचे काटे कोण बघणार? पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ त्यांनी स्वतःहून मागून घेतलं, आणि ते अजून त्यांच्या उशाशीच आहे.

बिनसलं तर

दोन-तीन आठवड्यांनी टायमर भिंतीचा भाग होतो, कुणी त्याच्याकडे बघत नाही. तेव्हा जागा बदला, किंवा दिवसातल्या एकाच कामापुरता ठेवा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चकत्या लावणारं घर छळछावणी होतं. जेवणाला, गोष्टीला आणि नुसतं लोळायला टायमर नको.

मूल काम सोडून चकतीकडेच टक लावून बसत असेल तर वेळ फार लांब लावली आहे. निम्मी करा. चकती संपताना घाई करून अक्षर बिघडत असेल तर ‘संपेपर्यंत पूर्ण कर’ असं कुणीतरी नकळत सांगितलेलं असतं. ‘संपेपर्यंत करत राहा’ असं म्हणा, पानं मोजू नका. आणि टायमर लावलेला असताना आपण मागून ‘बघ हं, किती राहिलंय’ म्हणत असू, तर टायमर आणण्याची गरजच काय होती?

महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. आतच गळले की पट्ट्या गंजतात आणि मग चकती नुसतीच शोभेची राहते.

दर रविवारी आम्ही एक खेळ खेळतो. डोळे मिटायचे आणि एक मिनिट झालंसं वाटलं की हात वर करायचा. टायमर नवऱ्याच्या हातात. परवा मुलाचा हात ४४ सेकंदांना वर गेला. वर्षभरापूर्वी तो २० लाच ओरडायचा. मी ५१. सासूबाई ५९, आणि हात वर करून झाल्यावरही त्यांचे ओठ हलत होते. जप चालू होता.

‘आजी, तुम्ही मोजत होता! हे चीटिंग आहे!’

‘मोजत कुठे होते रे,’ त्या म्हणाल्या, ‘रोजचंच आहे ते माझं.’